गाण्यातला ‘मी’ आणि साक्षीतला ‘मी’

एकच गीत, दोन चिठ्ठ्या

गीताचे शब्द ऐकून श्रोता त्याच्या कर्त्याविषयी कोणते तर्क बांधतो, हे पाहण्यासाठी कॅरी फ्राइड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीने एक साधा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. प्रयोगासाठी निवडलेले गीत जुने होते. किंग्स्टन ट्रायो या गौरवर्णीय लोकगीत-गायकांच्या त्रयीने ते १९६० साली ध्वनिमुद्रित केले होते. गीतातील तरुण एका पोलीस अधिकाऱ्याला गोळी घालतो आणि ती हकिगत अत्यंत बेफिकीरपणे सांगतो. फ्राइड यांनी गीताच्या शब्दांना हात लावला नाही. बदलली ती त्यांच्यावरची चिठ्ठी. काही वाचकांना हा उतारा ‘कंट्री’ गीतातील, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागात रुजलेल्या आणि मुख्यतः गौरवर्णीयांच्या समजल्या जाणाऱ्या गीतप्रकारातील, असल्याचे सांगण्यात आले. इतर काहींना तोच उतारा ‘रॅप’ गीतातील म्हणून देण्यात आला. तसेच काहींपुढे गायक गौरवर्णीय म्हणून, तर काहींपुढे कृष्णवर्णीय म्हणून ठेवण्यात आला.

वाचकांनी दिलेली उत्तरे बोलकी होती. रॅप म्हणून किंवा कृष्णवर्णीय गायकाच्या नावे वाचलेले शब्द लोकांना आक्षेपार्ह वाटले, समाजावर त्यांचा अनिष्ट परिणाम होईल अशी भीती वाटली, त्यांवर सरकारी नियंत्रण असावे असेही वाटले. तेच शब्द कंट्री गीताच्या किंवा गौरवर्णीय गायकाच्या नावे पुढे आले तेव्हा मात्र ही धार पुष्कळच बोथट झाली.

एखाददुसऱ्या प्रयोगावरून सिद्धान्त मांडणे योग्य नव्हे, हे खरेच. म्हणून वीस वर्षांनी अ‍ॅडम डनबार, चॅरिस कुब्रिन आणि निकोलस स्कुरिच या तिघा संशोधकांनी गीतप्रकाराच्या नावापुरता हा प्रयोग पुन्हा करून पाहिला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांतही रॅप म्हणून दिलेले शब्द अधिक धोकादायक ठरले. त्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. रॅप म्हणून वाचलेले शब्द वाचकांनी अधिक प्रमाणात शब्दशः घेतले. म्हणजे गीतात जे सांगितले आहे ते कर्त्याने स्वतः केलेले असावे, असा त्यांचा ग्रह झाला. प्रस्तुत प्रकरणाचा विषय हाच ग्रह आहे. रॅप कलावंतांविषयीच्या बहुतेक साचेबंद कल्पनांचे मूळ त्यात सापडते.

रॅपची घडण

ठेक्याच्या अंगाने, यमकांची दाट गुंफण करीत, गाण्याऐवजी बोलून सादर केलेले काव्य म्हणजे रॅप, अशी ढोबळ व्याख्या करता येईल. त्याचा उगम न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात झाला. या भागातून क्रॉस-ब्राँक्स द्रुतगती मार्ग काढताना हजारो कुटुंबे विस्थापित झाली होती, आणि १९७० नंतरच्या दशकात ओस पडलेल्या व जळालेल्या इमारती हे तेथील नित्याचे दृश्य झाले होते. जमैकाहून आलेला क्लाइव्ह कॅम्पबेल हा तरुण ‘कूल हर्क’ या नावाने तेथे तबकड्या वाजवीत असे. त्याच्या बहिणीने ११ ऑगस्ट १९७३ रोजी आपल्या इमारतीत भरविलेल्या मेळाव्यापासून या कलेचा आरंभ धरण्याची प्रथा आहे. तबकडीवर गाणे थांबून केवळ ताल उरतो, तेवढाच तुकडा दोन यंत्रांवर आलटून पालटून वाजवायचा आणि नाचणाऱ्यांना हवा तितका वेळ तो लांबवायचा, ही हर्कची युक्ती. त्या तालावर कोणीतरी ध्वनिक्षेपकातून लोकांना चेतविणारी यमकबद्ध वाक्ये फेकू लागला, आणि त्यातूनच रॅप वाढले.

मात्र ही वाक्ये आकाशातून पडली नव्हती. आफ्रिकी-अमेरिकी लोकपरंपरेत फुशारकीच्या लांबलचक कथाकाव्यांचा एक प्रकार पूर्वीपासून रूढ होता. ‘डझन्स’ नावाच्या शाब्दिक खेळात दोघे जण एकमेकांच्या घरादाराचा उद्धार करीत चढाओढीने अतिशयोक्ती करतात. जो चिडला तो हरला, हा त्या खेळाचा नियम. १८९५ साली सेंट लुईस शहरात झालेल्या एका खुनावरून ‘स्टॅगर ली’ या बेगुमान मारेकऱ्याची गाथा तयार झाली. कित्येक गायकांनी ती गाइली आणि १९५९ साली लॉइड प्राइसच्या आवाजात ती विक्रीच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली. तात्पर्य, रॅपमधील ‘मी’ हा शंभराहून अधिक वर्षांच्या सोंगाचा वारस आहे. तो बढाई मारतो, शत्रूला धमकावतो, स्वतःला मृत्यूपेक्षाही मोठा म्हणवितो. हे सोंग आहे हे मंडळात बसलेल्या श्रोत्याला सांगावे लागत नाही. मंडळाबाहेरच्याला मात्र ते कळतेच असे नाही.

कवीचा ‘मी’

भारतीय वाचकाला ही कल्पना नवी वाटू नये. मराठी शाहिरांनी विरहिणी स्त्रीच्या मुखाने शेकडो लावण्या रचल्या. पण रचनाकार स्वतः विरहिणी होता असे कोणी मानले नाही. उर्दू गझलेत मद्य आणि मद्यालय यांचा सतत उल्लेख येतो. मद्यावरच्या काव्यासाठी प्रसिद्ध असलेले रियाज खैराबादी स्वतः मद्याला शिवत नसत, असे सांगितले जाते, आणि रसिकांना त्यात विसंगती वाटत नाही. काव्यातला ‘मी’ आणि काव्य लिहिणारा माणूस यांच्यामध्ये एक उंबरठा असतो, ही जाण रसिकतेची पहिली पायरी होय.

उंबरठा असतो याचा अर्थ दोन्हींचा संबंधच नसतो, असा नव्हे. पुष्कळ रॅप कलावंतांनी आपल्या वस्तीचे, तेथील दारिद्र्याचे आणि पोलिसी जाचाचे प्रत्यक्ष अनुभव गीतांत आणले आहेत. परंतु अनुभव, ऐकीव, अतिशयोक्ती आणि कल्पित यांचे मिश्रण प्रत्येक काव्यात असते, आणि त्यांतील कोणता अंश कोणता, हे केवळ शब्दांवरून ठरविता येत नाही. ‘आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण पाण्याच्या बाबतीत खरी आहे, काव्याच्या बाबतीत नाही. दुहेरी मापदंडाचा आरंभ होतो तो येथेच. इतर कलाप्रकारांना ही सवलत न मागता मिळते. रॅपला ती मागूनही मिळत नाही.

तीन गायक, तीन निकाल

तीन उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे हा भेद स्पष्ट होईल. जॉनी कॅश या गौरवर्णीय कंट्री गायकाचे फॉल्सम तुरुंगावरचे गीत १९५५ साली निघाले. त्यातील कैदी, एक माणूस मरताना पाहण्यासाठी आपण त्याला मारले, असे सांगतो. कॅशला कधीही तुरुंगवासाची शिक्षा झालेली नव्हती. १९६८ साली त्याने त्याच तुरुंगात कैद्यांसमोर हे गीत गाइले, त्याची ध्वनिमुद्रिका गाजली, आणि २००१ सालचे राष्ट्रीय कलापदक देऊन देशाने त्याचा गौरव केला. त्या गीतात श्रोत्यांना पश्चात्तापाचा आणि एकाकीपणाचा सूर ऐकू आला, आणि ते योग्यच होते.

दुसरे उदाहरण जमैकाच्या बॉब मार्लेने १९७३ साली गाइलेल्या गीताचे. त्यातील ‘मी’ एका शेरीफला, म्हणजे पोलीस अधिकाऱ्याला, गोळी घातल्याची कबुली देतो. पुढील वर्षी एरिक क्लॅप्टन या इंग्रज गायकाने ते गाइले आणि अमेरिकेतील विक्रीच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेले.

तिसरे उदाहरण १९९२ सालचे. आइस-टी हा कृष्णवर्णीय कलावंत रॅपसाठी प्रसिद्ध होता. मात्र ‘बॉडी काउंट’ या आपल्या वाद्यवृंदासह त्याने पोलिसांच्या अत्याचारावर संतापलेल्या मारेकऱ्याचे जे गीत गाइले ते रॅप नव्हते, कर्कश रॉक संगीत होते. तरीही वर्तमानपत्रांत आणि राजकीय भाषणांत ते बहुधा रॅप म्हणूनच ओळखले गेले. पोलीस संघटनांनी बहिष्काराची हाक दिली, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनीही निषेध केला, आणि जुलैच्या अखेरीस आइस-टीने ते गीत मागे घेतले. याच बुश यांनी १९९० साली शारीरिक सुदृढतेविषयीच्या राष्ट्राध्यक्षीय मंडळाचे प्रमुखपद अर्नोल्ड श्वार्झनेगर या नटाला दिले होते. त्याच्या १९८४ सालच्या ‘टर्मिनेटर’ या चित्रपटात तो एका पोलीस ठाण्यात शिरून दिसेल त्याला गोळ्या घालतो. तो अभिनय होता हे सर्वांना ठाऊक होते. पुढे २००० सालापासून आइस-टी एका दूरदर्शन मालिकेत पोलीस गुप्तहेराची भूमिका करू लागला. ती पाहून त्याला खरा पोलीस समजण्याची चूक कोणी केली नाही. मग एकाच माणसाचा पोलीस खोटा आणि मारेकरी तेवढा खरा, हा निर्णय कोणत्या आधारावर झाला?

आइस-टीचे गीत अधिक प्रक्षोभक होते आणि एका जिवंत तंट्याच्या काळात आले होते, हे मान्य करावे लागेल; त्याच वर्षी लॉस एंजलिसमध्ये पोलिसांच्या निर्दोष सुटकेवरून मोठी दंगल उसळली होती. टीकेला जागा होती. परंतु ‘हे गीत वाईट आहे’ असे म्हणणे वेगळे, आणि ‘हे गीत म्हणणारा माणूस असाच असणार’ असे म्हणणे वेगळे. पहिले विधान समीक्षेचे आहे, दुसरे पूर्वग्रहाचे.

वही न्यायालयात

पूर्वग्रह दिवाणखान्यात राहतो तोवर त्याचे मोल प्रतिष्ठेपुरते असते. तो न्यायालयात शिरला म्हणजे त्याचे मोल माणसाच्या आयुष्याच्या वर्षांत मोजावे लागते.

न्यू जर्सी राज्यात २००५ साली गोळीबाराची एक घटना घडली आणि तीत जखमी झालेला मनुष्य कायमचा अपंग झाला. आरोपीच्या मोटारीत सापडलेल्या वह्यांमध्ये रॅप गीते होती. त्यांतील पुष्कळशी घटनेच्या कित्येक वर्षे आधी लिहिलेली होती, आणि कोणत्याही गीतात या गुन्ह्याचा तपशील नव्हता. तरीही सरकारी पक्षाने तेरा पृष्ठे भरतील एवढी गीते ज्यूरीपुढे वाचून दाखविली. खुनाच्या प्रयत्नाबद्दल आरोपी दोषी ठरला आणि त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. अपील न्यायालयाने ती रद्द केली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. गीतांचा आणि प्रत्यक्ष गुन्ह्याचा घट्ट दुवा दाखविता येत नसेल, तर असे काव्य पुरावा म्हणून ज्यूरीपुढे ठेवता येणार नाही, असे या न्यायालयाने ठरविले. मार्लेने खरोखरच शेरीफला मारले असेल, किंवा एडगर अ‍ॅलन पो याने आपल्या कथेतल्याप्रमाणे घराच्या फरशीखाली प्रेत पुरले असेल, असे कोणी समजत नाही, या आशयाचे भाष्यही निकालपत्रात आहे.

अशा पुराव्याने ज्यूरीच्या मनावर काय परिणाम होतो, याचा अंदाज स्टुअर्ट फिशॉफ यांच्या १९९९ सालच्या अभ्यासावरून येतो. अठरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय तरुणाची माहिती त्यांनी निरनिराळ्या गटांना दिली. काहींना त्याच्यावर खुनाचा आरोप असल्याचे सांगितले, काहींना त्याने लिहिलेली उग्र रॅप गीते दाखविली, काहींना दोन्ही, तर काहींना यांतले काहीच नाही. त्याच्या स्वभावाविषयीचे मत खुनाच्या आरोपामुळे जेवढे बिघडले, त्याहून अधिक ते गीतांमुळे बिघडले.

एरिक नीलसन आणि अँड्रिया डेनिस या अभ्यासकांनी २०१९ साली लिहिलेल्या ग्रंथात सरकारी पक्षाने रॅपचा पुरावा म्हणून वापर केल्याची सुमारे ५०० प्रकरणे नोंदविली आहेत. कॅलिफोर्निया राज्याने २०२२ साली याविषयी कायदा केला आणि २०२३ च्या आरंभापासून तो लागू झाला. अशी गीते ज्यूरीसमोर आणण्यापूर्वी त्यांच्यामुळे निर्माण होणारा पूर्वग्रह न्यायाधीशाने विचारात घ्यावा, असे त्यात सांगितले आहे.

प्रत्येक आरोपी निर्दोष असतो, असा याचा अर्थ नाही. जॉर्जिया राज्यातील ‘यंग थग’ या प्रसिद्ध कलावंतावर २०२२ साली टोळीच्या गुन्हेगारीचा खटला भरला गेला. आरोपपत्रात त्याच्या गीतांच्या ओळी होत्या, आणि त्या सशर्त पुराव्यात घेण्यास न्यायाधीशांनी परवानगी दिली होती. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याने काही आरोप मान्य केले आणि पंधरा वर्षांच्या देखरेखीच्या अटीवर त्याची सुटका झाली. गुन्हा शाबीत करण्यास साक्षीदार, शस्त्रे, कागदपत्रे असतील तर ती आणावीत. गीताने त्यांची जागा घेऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

दुसरी बाजू

रॅपवरील सर्वच टीका पूर्वग्रहातून येते, असे म्हणणे हा आणखी एक साचा होईल. तुपाक शकूर १९९६ साली आणि ‘नटोरियस बी.आय.जी.’ १९९७ साली गोळीबारात मारले गेले, हे सोंग नव्हते. स्त्रियांविषयीची हीन भाषा कित्येक गीतांत आहे, आणि तिच्याविरुद्ध कृष्णवर्णीय स्त्रियांनीच प्रथमपासून आवाज उठविला. क्वीन लतीफाने १९९३ साली याच भाषेला रॅपमधून उत्तर दिले.

या प्रश्नाचा तोल किंबर्ले क्रेनशॉ या विधिज्ञ विदुषीने १९९१ साली नेमका पकडला. ‘टू लाइव्ह क्रू’ या रॅप गटाची ध्वनिमुद्रिका फ्लोरिडातील संघीय न्यायाधीशाने १९९० साली अश्लील ठरविली होती. ती विकणाऱ्या दुकानदाराला आणि ती सादर करणाऱ्या कलावंतांना अटक झाली होती. कलावंत ज्यूरीपुढे निर्दोष ठरले आणि १९९२ साली अश्लीलतेचा निर्णयही फिरविला गेला. क्रेनशॉ यांचे म्हणणे असे, की स्त्रीदेहाचा तितकाच उघड व्यापार करणारे इतर कलावंत मोकळे असताना याच गटावर खटला होणे हा वर्णभेद आहे. आणि त्याच वेळी या गीतांतील स्त्रीद्वेष हाही खराच आहे. एका अन्यायाचा निषेध करताना दुसऱ्याला पाठीशी घालण्याचे कारण नाही.

रॅपमधील स्त्रीला तर दोन्हींकडचा मार सोसावा लागतो. मेगन दी स्टॅलियन या गायिकेवर जुलै २०२० मध्ये गोळीबार झाला. गीतांतला तिचा धीटपणा पाहणाऱ्यांनी तिच्या वेदनेवर शंका घेतली, तिची थट्टा केली. डिसेंबर २०२२ मध्ये टोरी लेनेझ हा गायक या गुन्ह्यात दोषी ठरला आणि पुढील वर्षी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. रॅपमधील पुरुषाची काल्पनिक हिंसा खरी मानणाऱ्या समाजातील अनेकांना रॅपमधील स्त्रीची खरी जखम काल्पनिक वाटली. साचेबंद कल्पनेचा याहून कठोर नमुना सापडणे कठीण.

बाजाराचा हातभार

या साच्याला व्यापारानेही आकार दिला आहे. गीत ‘खरे’ आहे, गायक त्याच गल्लीतला आहे, अशी जाहिरात करून ध्वनिमुद्रिका विकल्या गेल्या. १९९० साली व्हॅनिला आइस हा गौरवर्णीय गायक लोकप्रिय झाला तेव्हा त्याच्या नावे रस्त्यावरच्या खडतर बालपणाची एक कहाणीही फिरविली गेली, आणि ती बनावट असल्याचे लवकरच उघड झाले. जे चरित्र एकासाठी विक्रीचे भांडवल ठरते, तेच दुसऱ्यासाठी न्यायालयात आरोपाचे कलम होते. फायदा घेणारा आणि किंमत मोजणारा येथे एकच नसतो.

गौरवाच्या बाबतीतही हा संकोच दिसतो. ग्रॅमी पुरस्कारांत रॅपला १९८९ साली प्रथम जागा मिळाली. पण तो पुरस्कार दूरदर्शनवरील कार्यक्रमात दाखविण्यात आला नाही, म्हणून काही कलावंतांनी समारंभावर बहिष्कार घातला. २०१८ साली केंड्रिक लमार याला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. अभिजात संगीत आणि जॅझ यांच्या बाहेर ते प्रथमच गेले. त्या वेळी हा ‘इतरांसारखा नाही’ अशा शब्दांत पुष्कळांनी त्याची स्तुती केली. एकाला अपवाद ठरवून केलेली स्तुती उरलेल्यांवरचा ठपका पक्का करते.

श्रोत्याची कसोटी

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा राहिलेला नाही. मुंबईच्या वस्त्यांतून हिंदी आणि मराठी रॅप पुढे आले, आणि डिव्हाइन व नेझी या मुंबईकर कलावंतांवरून सुचलेल्या ‘गली बॉय’ या चित्रपटाने २०१९ साली ते घरोघरी पोहोचविले. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्रात दोन तरुण रॅप गायकांवर त्यांच्या राजकीय टीकेच्या गीतांवरून पोलिसांत गुन्हे नोंदविले गेले. वगनाट्यातील सोंगाड्याने राज्यकर्त्यांची उडविलेली टर येथील प्रेक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या हसून ऐकली आहे. तीच टर तालावर बोलणाऱ्या तरुणाच्या तोंडी आली म्हणजे वेगळी का भासते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

त्यासाठी फ्राइड यांचा प्रयोग कोणालाही मनातल्या मनात करता येईल. एखादे रॅप गीत खटकले की त्यावरची चिठ्ठी क्षणभर बदलून पाहावी. हेच शब्द नाटकातल्या खलनायकाच्या तोंडी, जुन्या पोवाड्यात किंवा आवडत्या गायकाच्या आवाजात आले असते तर ते असेच खटकले असते काय? उत्तर होकारार्थी आले, तर टीका नि:संकोच करावी. ती न्याय्य आहे. उत्तर नकारार्थी आले, तर दोष गीतात नाही, मापात आहे. आणि माप खोटे असेल तर तोललेली प्रत्येक वस्तू पुन्हा तोलावी लागते.